जुन्या खेळाची नवी आवृत्ति

कोणतीहि जुनी कृति नव्यानें सिद्ध करून लोकांपुढें ठेवावयाची झाली, म्हणजे ठेवणाऱ्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, कीं तींतलें काय राखावें आणि काय बदलावें. आपल्या भाषेस हा प्रश्न नवा नाहीं. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत कालांतरानें शिरलेले अपपाठ काढून टाकून एकनाथांनीं शके १५०६ मध्यें तिची शुद्ध प्रत तयार केली, आणि पुढें कोणीं आपल्या पदरच्या ओव्या तींत घालूं नयेत अशी ताकीद देऊन ठेविली. मोल्सवर्थ यांनीं आपला मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रसिद्ध केला, आणि १८५७ सालीं त्याचीच दुसरी, सुधारून वाढविलेली आवृत्ति काढिली. एकानें गाळलें, दुसऱ्यानें भर घातली. परंतु मूळ वस्तूचा प्राण कशांत आहे हें दोघांसहि पक्कें ठाऊक होतें, म्हणून दोघांचेंहि काम टिकलें.

या थोर कामांच्या पंक्तीस मुलांच्या एका खेळास बसविलेलें पाहून कांहीं वडील मंडळी नाक मुरडतील. परंतु आजच्या पालकांपैकीं पुष्कळांनीं जो खेळ आपल्या लहानपणीं टीव्हीपुढें मांडी घालून खेळला, त्याचीच नवी आवृत्ति आतां त्यांच्या मुलांच्या हातीं येऊं लागली आहे. एकाच घरांतील दोन पिढ्यांस सारखीच ठाऊक असलेली अशी वस्तु विरळा. मग घरांत वाद होतो. बाप म्हणतो, आमचा खेळ खरा. मुलगा म्हणतो, आमचा चांगला. आणि आजी म्हणते, दोन्ही बंद करा. या तिघांच्याहि म्हणण्यांत थोडें थोडें तथ्य आहे असें आम्हांस वाटतें, आणि तें कोणतें, हेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

खेळाचें नांव ‘कॉन्ट्रा’. जपानांतील कोनामी कंपनीनें तो १९८७ सालीं, नाणें टाकून खेळावयाच्या यंत्रावर प्रथम आणिला. बिल रायझर व लान्स बीन हे दोन शिपाई शत्रूच्या मुलुखांत शिरतात, आणि धांवत, उड्या मारीत, गोळ्या झाडीत पुढें जातात. एवढीच त्याची वस्तु. काळ इ. स. २६३३ चा, स्थळ न्यूझीलंडजवळील गालुगा नांवाचा कल्पित द्वीपसमूह, शत्रूचें नांव ‘रेड फाल्कन’. बंदुकीस काडतुसांचा तोटा नाहीं. वाटेंत उडत येणारी पेटी फोडली म्हणजे तींतून एकादें अक्षर खालीं पडतें, आणि तें उचललें कीं हातांतील बंदुक बदलते. त्यांतील ‘एस’ हें अक्षर मुलांस सर्वांत प्रिय; कारण तें मिळालें कीं पंख्याच्या काड्यांप्रमाणें पसरणाऱ्या गोळ्या एकदम सुटूं लागतात.

असें असलें तरी खेळाचें मर्म बंदुकींत नाहीं. तें एका कडक नियमांत आहे. शत्रूची एक गोळी लागली, कीं शिपाई मेला. जखम नाहीं, मलमपट्टी नाहीं, अर्धा जीव नाहीं. मेल्याबरोबर हातचें चांगलें हत्यारहि जातें. आरंभीं प्रत्येकास तीन जीव मिळतात. गुण वाढले तर एकादा अधिक पदरांत पडतो. सर्व संपल्यावर पुन्हा सुरुवात करण्याची मुभाहि मोजकीच. त्यामुळें ज्याला पुढें जावयाचें आहे त्याला शत्रु कोठून उडी घेतो, तोफ किती वेळानें उडते, पुलाचा कोणता भाग केव्हां ढांसळतो, हें सर्व पाठ करावें लागतें. पाढ्यांच्या उजळणीस कंटाळणारा मुलगा ही उजळणी आपण होऊन करतो. कारण येथें चुकीचा निकाल त्याच क्षणीं लागतो, आणि तो लावणारा कोणी मास्तर नसतो.

आतां या खेळाच्या निरनिराळ्या आवृत्त्या पाहूं. म्हणजे आमचें म्हणणें अधिक स्पष्ट होईल.

पहिली सुधारलेली आवृत्ति खुद्द कोनामीनेंच १९८८ सालीं घरगुती यंत्रासाठीं काढिली. घरचें यंत्र दुबळें होतें. नाण्याच्या यंत्रावरील चित्रें त्यास जशींच्या तशीं पेलणारीं नव्हतीं. शिवाय नाण्याच्या यंत्राचा पडदा उभा, तर घरचा टीव्ही आडवा. तेव्हां रचनाकारांनीं चित्रें साधीं केलीं, जागा वाढविल्या आणि टप्प्यांची मांडणी नव्यानें केली. जंगल, शत्रूचा तळ, धबधबा, बर्फाचें मैदान असे एकंदर आठ टप्पे झाले. रूप पुष्कळ बदललें. परंतु एका गोळीस एक जीव हा नियम त्यांनीं हलविला नाहीं. परिणाम असा झाला कीं, आज ‘कॉन्ट्रा’ म्हटलें म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें ही घरगुती आवृत्तिच उभी राहते. मूळ कोणती आणि सुधारलेली कोणती, याचा विचारहि कोणी करीत नाहीं. सुधारून काढलेल्या आवृत्तीस याहून मोठें प्रशस्तिपत्र तें कोणतें?

दुसरी आवृत्ति युरोपांतली. जर्मनींत मुलांस अपायकारक समजल्या जाणाऱ्या खेळांविषयीं निर्बंध कडक होते. म्हणून १९९० सालीं हाच खेळ युरोपांत आला तेव्हां त्याचें नांव ‘प्रोबोटेक्टर’ असें ठेविलें, आणि दोन्ही शिपायांच्या व त्यांच्या मानवी शत्रूंच्या जागीं यंत्रमानव घातले. जंगल तेंच, पूल तोच, गोळ्या त्याच. मरणारा मात्र मनुष्य नव्हे, लोखंडाचा पुतळा. मुलांची गोडी यानें कमी झाली नाहीं. यावरून दिसतें कीं खेळाचें सोंग बदलतां येतें, आणि कारण चांगलें असेल तर तें बदलण्यास कांहींच प्रत्यवाय नाहीं. नाटकांत नट तोच राहून पोशाख बदलावा, तसेंच हें आहे.

तिसरी आवृत्ति आपल्याकडे आली. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत परदेशी यंत्रांच्या नकला स्वस्तांत मिळूं लागल्या आणि ‘टीव्ही गेम’ या नांवानें महाराष्ट्रांतील घरोघर पोंचल्या. कोठें भावंडांनीं हट्ट धरून दिवाळीस एक यंत्र मिळविलें, कोठें गल्लींतल्या एकाच घरीं यंत्र आणि भोंवतीं दहा मुलें. जाड पिंवळी नाहीं तर काळी कॅसेट यंत्रांत घालावयाची, ती नीट बसली नाहीं तर काढून तिच्यावर फुंकर मारावयाची, आणि दोन रिमोटांसाठीं आळीपाळी ठरवावयाची, हा विधि आजच्या पालकांस सांगावयास नको. कॅसेटवर हजारों खेळांचा आंकडा छापलेला असे. आंत पाहिलें तर तेच पांचदहा खेळ नांवें व क्रमांक बदलून पुनः पुनः मांडलेले. बरोबर माहितीची पुस्तिका नसे. त्यामुळें गालुगा कोठें आहे आणि शत्रु कोण, हें न कळतांच एका पिढीनें तें युद्ध जिंकलें. केलेली प्रगति सांठवून ठेवण्याची सोय यंत्रांत नव्हती. सहाव्या टप्प्यावर पोंचलें असतां वीज गेली, म्हणजे सगळें मुसळ केरांत! पुढें भारनियमनाच्या वर्षांत तर खेळाचें वेळापत्रक वीजमंडळाच्या वेळापत्रकावरून ठरवावें लागे.

या नकली कॅसेटींविषयीं दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. एक ही, कीं त्यांच्या विक्रीचा पैसा मूळ रचनाकारांस पोंचत नव्हता. आपल्या बालपणाचा आनंद दुसऱ्याच्या श्रमाचें मोल न देतां घेतलेला होता, हें त्या पिढीनें मनांतल्या मनांत तरी मान्य करावें. दुसरी गोष्ट आमच्या विषयाशीं अधिक निगडित आहे. नकला करणाऱ्यांनीं मूळ खेळांत हात घातला, आणि यादी फुगविण्यासाठीं त्याच खेळाचे असे प्रकार केले कीं ज्यांत आरंभींच तीस जीव मिळावे, किंवा मधल्याच टप्प्यापासून खेळ सुरू व्हावा. न मागतां दिलेल्या त्या तीस जिवांनीं खेळ सोपा झाला, आणि तितकाच बेचवहि झाला. ज्या मुलास पहिल्याच दिवशीं तीस जीव मिळाले, त्याला एकाहि जिवाची काळजी उरली नाहीं. तो गोळ्यांच्या पावसांत डोळे मिटून धांवला, आणि शेवटीं पोंचल्यावर आपण काय केलें हें त्याला सांगतां येईना.

कोणी म्हणेल, तीस जीव तर मूळ खेळांतहि होते. हें खरें आहे, आणि त्यामागची हकीकत ऐकण्यासारखी आहे. काझुहिसा हाशिमोतो नांवाचे कोनामींतील एक रचनाकार ‘ग्रेडियस’ नांवाचा दुसरा एक खेळ घरगुती यंत्रासाठीं सिद्ध करीत होते. तो खेळ १९८६ सालीं निघाला. तपासणीसाठीं तो पुनः पुनः खेळून पाहणें त्यांना फार अवघड जाऊं लागलें. म्हणून त्यांनीं आपल्यापुरती एक युक्ति केली. वर वर, खालीं खालीं, डावें उजवें, डावें उजवें, आणि मग ‘बी’ व ‘ए’ अशा क्रमानें कळा दाबल्या, कीं सर्व शक्ति एकदम मिळावी. ही गुप्त किल्ली तशीच खेळांत राहून गेली. पुढें कॉन्ट्राच्या घरगुती आवृत्तींतहि ती ठेवण्यांत आली, आणि तेथें तिनें तिनाचे तीस जीव होऊं लागले. हाशिमोतो २०२० सालीं वारले, तेव्हां त्यांच्या खेळांहून या किल्लीचीच आठवण जगानें अधिक काढिली.

ही किल्ली आणि नकली कॅसेटींतले फुकटचे तीस जीव, यांत आम्ही फरक करतों. किल्ली ज्याला हवी त्यानें ती शोधावी, मित्रास विचारावी, पाठ करावी, आणि खेळ सुरू होण्यापूर्वीं बोटांनीं बिनचूक दाबावी. ती दाबतांना, मला एकट्याच्या बळावर जमत नाहीं म्हणून मी मदत घेत आहें, हें त्याला ठाऊक असतें. कमीपणा मदत घेण्यांत नाहीं. परंतु मागून घेतलेली मदत आणि न मागतां गळ्यांत पडलेली मदत या दोन वस्तु निराळ्या. पहिलीनें मुलास आपलें बळ किती तें समजतें. दुसरीनें तें कधींच समजत नाहीं. गणिताच्या पुस्तकाच्या शेवटीं उत्तरें छापलेलीं असतात, त्यास कोणाची हरकत नाहीं. पण प्रत्येक उदाहरणाखालींच उत्तर छापलें, तर पुस्तकाचा उपयोग काय?

आतां ज्या नव्या आवृत्तीसाठीं हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळूं. ‘कॉन्ट्रा : ऑपरेशन गालुगा’ हें तिचें नांव. ती कोनामीसाठीं वेफॉरवर्ड या अमेरिकन मंडळीनें रचिली, आणि १२ मार्च २०२४ रोजीं प्रसिद्ध झाली. याच मंडळीनें २००७ सालीं ‘कॉन्ट्रा ४’ रचिला होता. म्हणजे हात सराईत होता. बिल आणि लान्स पुन्हा आले आहेत. त्यांच्याबरोबर कांहीं नवे-जुने सोबती आहेत, आणि त्यांत युरोपांतल्या त्या यंत्रमानवासहि मानाचें स्थान मिळालें आहे. जुन्या जंगलापासूनच वाट सुरू होते, पण चित्रें आजच्या काळास साजेशीं भरदार आहेत. शिपायांस आतां हवेंत दुसरी उडी घेतां येते, झपकन् पुढें सरकतां येतें, आणि दोन हत्यारें बरोबर बाळगतां येतात. अडचणीच्या वेळीं त्यांतलें एक हत्यार खर्ची घालून मोठा प्रभाव पाडतां येतो. कथेच्या खेळांत दोघांस व निव्वळ सामन्याच्या प्रकारांत चौघांपर्यंत एकत्र खेळण्याची सोय आहे. हे सर्व बदल आम्हांस मान्य आहेत. चांगलें हत्यार राखावें कीं खर्ची घालावें, हा नवा विचार तर जुन्या खेळाच्या वृत्तीस शोभणाराच आहे.

परंतु एका ठिकाणीं आमचा मतभेद आहे. नव्या आवृत्तींत गोळी लागली म्हणजे शिपाई मरतोच असें नाहीं. त्याला जीवशक्तीची एक पट्टी दिली आहे. प्रत्येक गोळीनें ती थोडी थोडी घटते, आणि ती संपल्यावर एक जीव जातो. खेळांतच मिळालेल्या नाण्यांवर दुकानांतून निरनिराळे फायदे घेतां येतात, तेहि निराळे. जुना नियम काढून टाकला आहे असें मात्र नाहीं. ज्याला हवा त्यास तो निवडतां येतो. म्हणजे रचनाकारांनीं दोन्ही पद्धती ठेवल्या, याबद्दल त्यांस धन्यवादच दिले पाहिजेत. आमचें म्हणणें एवढेंच कीं, त्यांनीं क्रम उलटा लाविला. दरवाजांतून आंत येणाऱ्यास प्रथम जुना नियम भेटावा, आणि ज्याला तो झेपत नाहीं त्यानें पट्टी मागून घ्यावी, हें योग्य झालें असतें. आज पट्टी न मागतां मिळते, आणि नियम मागून घ्यावा लागतो.

यावर असें म्हणतील कीं, सर्व मुलें सारखीं नसतात. धाकट्या बहिणीचीं बोटें अजून लहान आहेत. एकाद्याचा हात अधू असतो. एकाद्या आजोबांस नातवाशेजारीं बसून खेळावेंसें वाटतें. त्यांच्यासाठीं सवलत नको काय? अवश्य हवी. शर्यतींत लहानग्यास दहा पावलें पुढें उभें करण्याची रीत आपल्या मैदानांवरहि आहे. पण तीं दहा पावलें कोणास दिलीं, हें सर्वांस ठाऊक असतें, आणि घेणाऱ्यासहि. पुढील वर्षीं पांचच पावलें पुरेत असें तो आपण होऊन म्हणतो, त्या दिवशीं त्याची खरी वाढ झालेली असते. सवलत ही शिडी असावी. पण सर्वांसच तळमजल्यावर राहण्याची संवय लागली, तर शिडीचा उपयोग कोण करणार?

एवढ्याशा गोष्टीचा इतका ऊहापोह कां, असें वाचक विचारतील. त्याचें कारण आपल्या गांवांतच आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं याच नंदुरबार शहरांत, तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनीं गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनःश्यामदास शहा हे पांच जण त्यांत हुतात्मे झाले. शिरीषकुमारांचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. म्हणजे त्या दिवशीं त्यांचें सोळावें वर्ष चालू होतें. आज नववी-दहावीच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांएवढेंच त्यांचें वय. शहरांतील त्यांच्या स्मारकावरून आपल्यापैकीं कित्येकांचें रोज जाणें-येणें होतें. ज्या गांवच्या शाळकरी मुलानें खऱ्या गोळीपुढें छाती धरिली, त्या गांवच्या मुलांनीं गोळीचा खेळ खेळतांना तरी गोळीचा अर्थ विसरूं नये. गोळी लागली म्हणजे मनुष्य संपतो. जगांत कोणासहि तीस जीव नाहींत, तीन नाहींत, एकच आहे.

तीन जिवांचा खेळहि या दृष्टीनें खोटाच, हें आम्ही जाणतों. खेळ म्हटला म्हणजे कांहीं खोटें आलेंच. तरी पण ज्या खेळांत एका गोळीचें भय वाटतें, तो सत्याच्या त्यांतल्या त्यांत जवळ आहे. आणि ज्यांत गोळी टांचणीप्रमाणें टोंचून निघून जाते, तो सत्यापासून अधिक दूर आहे. जुन्या नियमाचा आग्रह आम्ही धरतों तो जुनें तें सोनें म्हणून नव्हे. जिवाची किंमत वाटणें, हाच या खेळांतला एकमेव चांगला संस्कार आहे, आणि तो या नियमांत सांठविलेला आहे. चित्रें, पोशाख, कथा, हत्यारें, सर्व बदलावें; हा एक नियम मात्र अग्रभागीं ठेवावा.

या जातीच्या खेळांचा एक दोष आम्ही झांकूं इच्छित नाहीं. त्यांत आपल्या शिपायाच्या जिवास किंमत आहे. समोरच्याच्या जिवास कोणत्याहि आवृत्तींत नाहीं. तो शेंकड्यांनीं पडतो, आणि पडला कीं नाहींसा होतो. त्याला नांव नाहीं, घर नाहीं. आजीचें म्हणणें येथें खरें ठरतें. युरोपांतील आवृत्तीनें माणसाच्या जागीं यंत्रमानव घालून या दोषावर एक तोडगा काढिला. आपल्या घरीं तो तोडगा वडिलांच्या दोन शब्दांनीं निघूं शकतो. काडतुसें न संपणारी बंदुक ही कल्पना आहे, एवढें मुलास सांगणें कठीण नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत, सातपुड्यांतील भिल्ल व पावरा बांधवांच्या घरीं तिरकामठा असतो. तेथील मुलाच्या हातीं कामठा येतो, तेव्हां बाण मोजकेच असतात. सुटलेला बाण शोधून परत आणावा लागतो, आणि समोर माणूस असतां तो रोखावयाचा नाहीं हें त्याला शिकविलें जातें. हत्यार हातीं देतांना त्याबरोबर मर्यादाहि द्यावी, हें शहाणपण पडद्यावरच्या बंदुकीसहि लागू आहे.

तर मग बंदुकीचे सगळे खेळच बंद कां करूं नयेत? आम्हांस तसें वाटत नाहीं. केंद्र सरकारनें सप्टेंबर २०२० मध्यें ‘पबजी मोबाइल’वर व फेब्रुवारी २०२२ मध्यें ‘फ्री फायर’वर बंदी घातली, पण ती देशाच्या सुरक्षिततेच्या आणि नागरिकांच्या माहितीच्या कारणानें. मुलाचा वेळ कोठें जातो याची चौकशी सरकारी हुकूम करीत नाहीं. ती घरानेंच करावयाची असते. आणि ती करतांना पालकांनीं एक प्रश्न अवश्य विचारावा : या खेळास शेवट आहे काय? फोनवरील पुष्कळ खेळांस शेवट नाहीं. एक डाव संपला कीं दुसरा तयार, आज नाहीं आलास तर बक्षीस जाईल अशी रोजची तंबी, आणि हळूच पैसे मागणारें दुकान. कॉन्ट्रास आरंभ आहे, आठ टप्पे आहेत, आणि शेवट आहे. पूर्ण सराव झालेला खेळाडू जुना खेळ अर्ध्या तासांत संपवितो. शत्रूचा नाश झाला, नांवें वर सरकूं लागलीं, कीं रिमोट खालीं ठेवून मुलगा जेवावयास उठूं शकतो. ज्या खेळांतून उठतां येतें त्याची फारशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं.

शेवटीं एक विनंति, आणि ती पालक व विद्यार्थी दोघांसहि. हा खेळ दोघांनीं मिळून खेळावा. जुन्या आवृत्तींतील तिसरा टप्पा धबधब्याचा आहे. तेथें खालून वर चढावयाचें असतें, आणि वर चढणाऱ्याबरोबर पडदाहि वर सरकतो. एकजण घाई करून पुढें गेला, कीं मागें राहिलेल्याच्या पायाखालची जागा पडद्याबाहेर जाते, आणि तो मरतो. त्याला शत्रूची गोळी लागलेली नसते. सोबत्याची घाई लागलेली असते. कित्येक भावंडांचीं भांडणें या धबधब्यावर झालीं असतील, आणि कित्येक भावंडें तेथेंच थांबावयास शिकलीं असतील. जो मोठा आहे, चपळ आहे, ज्याला वाट पाठ आहे, त्यानें खालच्या पायरीवर उभें राहून धाकट्याची वाट पाहावयाची; त्यावांचून तो टप्पा दोघांस मिळून जिंकतां येत नाहीं.

म्हणून पालकांस आम्ही असें सुचवितों कीं, नवी आवृत्ति घरीं आली तर तिच्याकडे पाठ फिरवूं नये. खेळ सुरू करण्यापूर्वीं जुना नियम निवडावा, मुलाच्या शेजारीं बसावें, आणि दुसरा रिमोट आपल्या हातीं घ्यावा. मुलगा चपळ असेल, तुम्हांस वाट ठाऊक असेल. दोघांसहि एकमेकांची गरज पडेल. धाकटें भावंड आलें तर त्याला पट्टीची सवलत मोकळ्या मनानें द्यावी, पण ती सवलत आहे हें सांगून द्यावी. आणि विद्यार्थिबंधुभगिनींनो, तुम्हांस आमचें सांगणें एवढेंच : प्रथम तीन जिवांवर खेळून पाहा. हरलांत तर पुन्हा खेळा. फारच अडलें तर मदत मागा, लाजूं नका. परंतु मदत घेतली तर ती घेतली असें म्हणा, आणि जिंकलांत तर किती जिवांवर जिंकलांत तें खरें सांगा.